‘मला आता कुणी हिशेबात धरत नाही’ : वयस्कर माणसांना भेदभाव कसा जाणवतो

प्रश्न असा आहे : ‘माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. प्रकृती बरी आहे, घरात त्यांना कसलीही उणीव नाही. तरीही गेल्या वर्षभरात ते अनेकदा “मला आता कुणी हिशेबात धरत नाही” असे म्हणतात. कुणी काही बोलले का, कुठे अपमान झाला का, असे विचारले की “तसं काही नाही” म्हणून गप्प होतात. वयावरून होणारा भेदभाव म्हणतात तो हाच का, की हे वयानुसार आलेले हळवेपण आहे? समाज आपल्याकडे कसा पाहतो, याबद्दल या वयातल्या माणसांना नेमके काय वाटत असते?’

आपल्या वडिलांची ही दोन्ही वाक्ये खरी आहेत, असे मी धरून चालते. वयस्कर माणसांची समुपदेशक म्हणून मी तेवीस वर्षे काम करते आहे आणि एवढ्या काळात ‘माझ्या वयामुळे माझ्याशी भेदभाव झाला’ असे आपणहून म्हणणारी माणसे मला बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. ‘भेदभाव’ हा शब्द त्यांना परका वाटतो. तो उच्चारला की कुणावर तरी आरोप ठेवल्यासारखे होते, आणि समोर बहुतेक वेळा आपलीच मुले, नेहमीचेच डॉक्टर किंवा जुने सहकारी असतात. म्हणून ही माणसे दुसरे शब्द वापरतात. ‘आम्हाला आता कोण विचारतं’, ‘आमचं काय, चालायचंच’, ‘आमचे दिवस संपले’. ऐकणाऱ्याला ही कुरकुर वाटते. माझ्या अनुभवात ती बरीच नेमकी माहिती असते, फक्त ती मिळवण्यासाठी प्रश्न बदलावा लागतो.

एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे येत असत. पहिल्या तीन भेटींत मी त्यांना निरनिराळ्या प्रकारे ‘तुम्हाला कुणी वाईट वागवतं का’ असे विचारले आणि प्रत्येक वेळी ‘छे हो’ एवढेच उत्तर मिळाले. चौथ्या भेटीत मी विचारले, ‘गेल्या महिन्याभरात तुमच्यासंबंधी घेतलेला, पण तुम्हाला मागाहून कळलेला असा एखादा निर्णय आहे का?’ त्यांनी डावा हात पुढे केला आणि एकेक बोट मिटायला सुरुवात केली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती. त्यांचा फोन बदलला होता, आणि जुन्या फोनमधले नंबर कुठे गेले हे त्यांना ठाऊक नव्हते. बँकेत त्यांच्या खात्याला मुलाचा नंबर जोडला गेला होता, त्यामुळे ओटीपी आता मुलाकडे जात होता. हत्यारांची पेटी माळ्यावर गेली होती. खिडकीजवळची त्यांची खुर्ची तिथे वारा लागतो म्हणून आतल्या खोलीत हलवली होती. पाचही बोटे मिटली तेव्हा ते म्हणाले, ‘यात वाईट काहीच नाही. सगळं माझ्या भल्यासाठीच झालं.’ आणि ती मिटलेली मूठ त्यांनी बराच वेळ तशीच मांडीवर ठेवली.

त्यांचा अपमान खरोखरच कुणी केला नव्हता. पण पाच गोष्टींत त्यांचे मत घेण्याची गरज कुणाला वाटली नव्हती, आणि ती का वाटली नाही याचे एकमेव कारण त्यांचे वय हे होते. वयावरून होणाऱ्या भेदभावाचे सर्वांत सर्रास आढळणारे रूप हेच आहे, आणि ते ओळखायला सर्वांत अवघडही हेच आहे.

या प्रकाराला स्वतंत्र नाव मिळून फार काळ झालेला नाही. वॉशिंग्टन शहराजवळच्या एका वस्तीत वयस्करांसाठी घरे करण्याच्या योजनेला तिथल्या रहिवाशांनी कडाडून विरोध केला, तेव्हा रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञाने १९६९ मध्ये त्यासाठी ‘एजिझम’ हा शब्द घडवला. वंशभेद आणि लिंगभेद यांच्या पंक्तीला त्यांनी वयभेद बसवला, तो बुद्ध्याच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या विषयावर जो जागतिक अहवाल काढला, त्यात वयभेदाचे तीन थर सांगितले आहेत : वयाबद्दल आपण काय समजतो, आपल्याला काय वाटते आणि आपण कसे वागतो. ५७ देशांतील ८३ हजारांहून अधिक लोकांच्या उत्तरांवरून त्या अहवालात असा निष्कर्ष निघाला की, जगात दर दोन माणसांपैकी एकाच्या मनात वयस्करांबद्दल मध्यम ते तीव्र पूर्वग्रह आहे. आपण विचारले आहे ते मात्र या आकड्याच्या दुसऱ्या बाजूबद्दल, म्हणजे ज्यांच्याविषयी हे पूर्वग्रह आहेत त्यांना ते कसे दिसतात याबद्दल.

या माणसांना आपल्याबद्दल सर्वत्र द्वेष दिसत नाही, हे आधी सांगायला हवे. बहुतेकांना समाज आपल्याशी प्रेमाने वागतो असेच वाटते, आणि तरीही काहीतरी खुपत राहते. मानसशास्त्रज्ञ सुझन फिस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेल्या एका विचाराने मला हे कोडे उलगडायला फार मदत केली. कोणत्याही समूहाकडे पाहताना लोक दोन गोष्टी जोखतात : ही माणसे मायाळू आहेत का, आणि ती सक्षम आहेत का. वयस्करांना पहिल्या कसोटीवर भरपूर गुण मिळतात आणि दुसरीवर फार कमी. अशा समूहाच्या वाट्याला राग येत नाही, कीव येते. कीव ही प्रेमळ भावना असल्यामुळे तिच्याविरुद्ध तक्रार कशी करायची हे कुणालाच कळत नाही. ‘बसा तुम्ही, आम्ही बघतो’ या वाक्यात राग धरावा असे काय आहे? पण तेच वाक्य दिवसातून आठ वेळा, स्वतःला येत असलेल्या कामाबद्दल ऐकले की त्यातून एक वेगळा निरोप पोचतो, आणि तो निरोप वयस्कर माणूस अचूक वाचतो.

हा निरोप बोलण्याच्या स्वरातूनही पोचतो. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात असलेल्या एका बाईंनी मला सांगितले की, पहिल्या दिवशी त्यांना नावाने हाक मारली जात होती, दुसऱ्या दिवशी त्या ‘आजी’ झाल्या, आणि तिसऱ्या दिवशी ‘आपण आता शहाण्यासारखी गोळी घ्यायची हं’ इथपर्यंत मजल गेली. त्या आयुष्यभर हिशेबतपासनीस होत्या. ‘आजी’ या हाकेचा त्यांना राग नव्हता, नातवंडांची ती आवडती हाक होती. त्यांना टोचले ते असे की, आपले नाव, आपले काम, आपली बुद्धी ही सगळी त्या एका हाकेखाली पुसली गेली आणि ते कुणाच्या लक्षातही आले नाही. मोठ्या माणसाशी लहान मुलासारखे, हेल काढून, सोपे करून बोलण्याच्या या पद्धतीवर शुश्रूषाशास्त्राच्या संशोधक क्रिस्टीन विल्यम्स यांनी बरेच काम केले आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांशीसुद्धा अशा भाषेत बोलले तर ती सेवेला अधिक विरोध करतात, हात झटकतात, तोंड फिरवतात, असे त्यांच्या निरीक्षणात आढळले. कालची भेट आठवत नाही अशा माणसालाही आपल्याला लहान केले जात आहे एवढे समजते. शुश्रूषेचे काम करणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली जावी, असे मला मनापासून वाटते.

या बाबतीत मीही चुकले आहे. सेवेच्या पहिल्या काही वर्षांत एक ७८ वर्षांच्या बाई मुलाबरोबर आल्या होत्या. त्यांना उत्तर द्यायला थोडा वेळ लागत असे. बाहेर रांग होती म्हणून मी नकळत मुलाकडे वळले. ‘त्यांना झोप लागते का? जेवण नीट जातं का? मन कशात रमतं?’ मुलगा उत्तरे देत होता, मी लिहून घेत होते. बाईंनी मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळायला सुरुवात केली. गुंडाळायचा, सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा. निघताना त्या दाराशी थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, ‘बाई, तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत.’ त्या दिवशीच्या माझ्या नोंदीत ‘रुग्ण अबोल’ असे लिहिले होते. मी ते खोडले. त्यांना अबोल मीच केले होते, आणि त्या तशा गप्प परत गेल्या असत्या तर ती नोंद पुढच्या प्रत्येक तपासणीत खरी मानली गेली असती.

डॉक्टरांकडचा अनुभव वयस्कर माणसे विशेष लक्षात ठेवतात. दुखणे सांगितले की ‘या वयात असं होणारच’ हे उत्तर मिळते, आणि त्यापुढे तपासणी होत नाही. उदासी, झोप न लागणे, पडण्याची भीती, लघवीवर ताबा न राहणे यांपैकी कशालाही केवळ वय हे पुरेसे कारण नसते आणि बऱ्याचदा त्यांवर उपचारही असतात. पण दोन-तीनदा असे उत्तर मिळाले की माणूस सांगणेच सोडून देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत एके ठिकाणी चक्क ‘वार्धक्य’ हीच संज्ञा नोंदीसाठी सुचवली गेली होती. वय म्हणजेच आजार असे ठरेल आणि खरे आजार त्याखाली झाकले जातील, असा आक्षेप जगभरातून, त्यातही वयस्करांच्या संघटनांकडून आला आणि ती संज्ञा मागे घेतली गेली. महासाथीच्या काळात, २०२० मध्ये, मृतांच्या बातमीला जोडून ‘त्यांतले बहुतेक वयस्कर होते’ असे सांगितले जात असे. तरुणांना दिलासा द्यावा हा त्यातला हेतू होता. माझ्याकडे फोनवर बोलणाऱ्या अनेकांनी त्या वाक्याचा उल्लेख केला. एका निवृत्त शिक्षकांनी विचारले, ‘म्हणजे आम्ही गेलो तर बातमी बरी, असंच ना?’ त्यांना माझ्याकडून उत्तर नको होते, आणि माझ्याकडे ते नव्हतेही.

विनोदांचीही दखल घ्यायला हवी, कारण वयस्करांना विचारले तर यादीत ते वरच असतात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एर्डमन पामोर यांनी २००१ मध्ये वीस बाबींची एक प्रश्नावली तयार करून ८४ जणांना दिली. त्यांपैकी ७७ टक्के लोकांनी वयभेदाचा एक तरी अनुभव आल्याचे नोंदवले, आणि वयस्करांची थट्टा करणारा विनोद ऐकावा लागला असे ५८ टक्क्यांनी सांगितले. नमुना लहान आहे, पण एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. थेट ‘भेदभाव झाला का’ असे न विचारता एकेक प्रसंग समोर ठेवला की उत्तरे मिळतात. त्या फोरमन गृहस्थांच्या बाबतीत मी योगायोगाने जे केले, ते इथे पद्धतशीरपणे केलेले होते.

मग माणसे ‘भेदभाव’ हे नाव का घेत नाहीत? याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत, पण सर्वांत खोल कारण असे की, वार्धक्याबद्दलचे समाजाचे मत हे त्यांचे स्वतःचेही मत असते. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण साठीला ऐकत नाही, सहाव्या वर्षी ऐकतो. पन्नास-पंचावन्न वर्षे ती दुसऱ्यांबद्दल वापरतो, त्यावर हसतो, आणि मग एक दिवस ती आपल्या अंगावर येते तेव्हा तिच्याशी भांडायला आपल्याजवळ काहीच नसते. वंश, लिंग किंवा जात यांच्या बाबतीत माणूस जन्मापासून त्या समूहात असतो आणि कधीकधी भेदभावाचा प्रतिकार करायला घरातूनच शिकतो. म्हातारपणात मात्र आपण बाहेरून शिरतो, आणि बाहेरच्यांची मते बरोबर घेऊन शिरतो. चावी विसरली की तिशीतला माणूस म्हणतो, ‘घाई होती.’ सत्तरीतला म्हणतो, ‘वय झालं.’ घटना तीच असते. थॉमस हेस यांच्या २००३ मधील प्रयोगात, वयामुळे स्मरणशक्ती घटते असा मजकूर आधी वाचायला दिलेल्या वयस्करांची शब्द आठवण्याची कामगिरी, तसा मजकूर न वाचलेल्यांपेक्षा खालावलेली आढळली. समजूत आधी येते आणि मग तिचा पुरावा तयार होतो.

दुसरे कारण असे की, स्वतःला ‘म्हातारा’ म्हणवून घेणे फारच थोड्यांना मान्य असते. डेन्मार्कमधील पाहणीवर आधारलेल्या २००६ मधील एका अभ्यासात चाळिशीपुढच्या लोकांना आपण खऱ्या वयापेक्षा सरासरी २० टक्क्यांनी लहान आहोत असे वाटत असल्याचे दिसले. म्हणजे ७५ वर्षांच्या माणसाला आतून आपण साठीचे वाटतो. आता ‘माझ्याशी वयस्कर म्हणून भेदभाव झाला’ असे म्हणायचे, तर त्याला आधी ‘मी वयस्कर आहे’ हे कबूल करावे लागते. ते टाळण्यासाठी बरेच जण उलट बाजूला जातात. ‘मी काही त्या म्हाताऱ्यांसारखा नाही’ हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येते, आणि ते सांगणारा माणूस ऐंशीचा असू शकतो. आपण दिलेली ‘तुम्ही अजिबात तेवढ्या वयाचे वाटत नाही’ ही शाबासकीही त्याच समजुतीला खतपाणी घालते, कारण त्या वयाचे वाटणे हे वाईटच असते असे तिच्यात गृहीत धरलेले आहे. मी स्वतः हे वाक्य वापरणे सोडले आहे.

तिसरी गोष्ट अशी की, आपल्या समूहावर अन्याय होतो हे माणसाला सहज दिसते, स्वतःवर झालेला मात्र तितका दिसत नाही. डोनाल्ड टेलर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये कॅनडातील स्थलांतरित स्त्रियांच्या संदर्भात ही तफावत नोंदवली होती, आणि वयस्करांशी बोलताना मला ती पदोपदी आढळते. ‘हल्ली वयस्कर माणसांना कुणी किंमत देत नाही हो.’ ‘आणि तुम्हाला?’ ‘नाही, नाही, आमच्याकडे सगळे चांगले आहेत.’ यात खोटेपणा नसतो. स्वतःवरचा अन्याय मान्य केला तर ज्यांच्याबरोबर उद्या राहायचे आहे त्यांच्याकडे पाहण्याची नजर बदलेल, या भीतीने मन तो बाजूला सारते.

शिवाय अनेकदा पुरावाच हाती लागत नाही. नोकरीचेच पाहा. साठीच्या आसपासच्या माणसाने अर्ज केला आणि उत्तर आले नाही, तर ते वयामुळे की आणखी कशामुळे, हे त्या एकट्याला कधीच कळू शकत नाही. ते कळायला डेव्हिड न्यूमार्क आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केल्यासारखा प्रयोग लागतो. त्यांनी ४० हजारांहून अधिक काल्पनिक अर्ज पाठवले, ज्यांत पात्रता सारखी आणि वय वेगळे होते. वयाने मोठ्या अर्जदारांना, आणि त्यांतही स्त्रियांना, कमी बोलावणी आली. अमेरिकेत चाळिशीपुढच्या कर्मचाऱ्यांना वयभेदापासून संरक्षण देणारा कायदा १९६७ पासून आहे. कायदा असूनही एकेकट्या माणसाला दार का बंद झाले हे समजत नाही, आणि मग तो दोष स्वतःकडे घेतो. स्त्रियांना हे आधी जाणवते, हा माझाही अनुभव आहे. पुरुषांना वय बहुधा निवृत्तीच्या दिवशी भेटते. स्त्रियांना ते पन्नाशीतच, केसांवरून, त्वचेवरून, समोरच्याच्या नजरेतून भेटू लागते, आणि पुष्कळ जणी त्याचे वर्णन ‘आपण दिसेनाशा झालो’ अशा शब्दांत करतात.

आता आपला मधला प्रश्न : हे हळवेपण असू शकते का? या जाणिवेचा शरीरावर परिणाम होतो, असे आता बऱ्याच अभ्यासांतून दिसते. येल विद्यापीठातील बेका लेव्ही यांनी २००२ मध्ये ओहायोतील ५० वर्षांपुढच्या ६६० लोकांची माहिती तपासली. ज्यांचे स्वतःच्या वाढत्या वयाबद्दलचे मत अनुकूल होते, ते प्रतिकूल मत असणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगले, आणि वय, लिंग, आर्थिक स्थिती, एकटेपणा व प्रकृती यांचा प्रभाव हिशेबात घेतल्यावरही मत आणि आयुर्मान यांचा संबंध टिकून राहिला. एवढ्यावरून मत बदलले की आयुष्य वाढते असे सिद्ध होत नाही, हे मी आवर्जून सांगते, कारण हा आकडा ‘सकारात्मक विचार करा’ असा उपदेश करण्यासाठी वापरला जातो आणि मग ओझे पुन्हा वयस्कर माणसाच्याच डोक्यावर येते. पण ‘मी आता काही कामाचा नाही’ असे ज्याने मनाशी ठरवले, तो चालायला जाणे सोडतो, औषधात टंगळमंगळ करतो, दुखणे सांगत नाही, हे मी जवळून पाहिले आहे. तेव्हा ‘हळवे झालेत’ म्हणून हे वाक्य सोडून देऊ नये.

दोन गोष्टी मात्र आपण नक्की तपासून घ्या. पहिली म्हणजे कान. ऐकू कमी येऊ लागलेल्या माणसाला चारचौघांतले अर्धे बोलणे निसटते. आपल्याला वगळून सगळे ठरते असे त्याला वाटू लागते, आणि ऐकू येत नाही हे मान्य करायचे नसल्यामुळे तो हसून मान डोलावतो. श्रवणतपासणीनंतर असा ‘कुणी विचारत नाही’चा सूर निम्म्यावर आलेला मी पाहिला आहे. दुसरी म्हणजे नैराश्य. सलग दोन आठवडे झोप आणि भूक बदललेली असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतून मन उडाले असेल, ‘माझी सगळ्यांना अडचणच आहे’ असे बोलणे येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे, आणि मरणाचे बोलणे आले तर एक दिवसही थांबू नये. त्यावर ‘या वयात असं होतंच’ असे उत्तर मिळाले तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे. नैराश्य निघाले तरी भेदभावाची जाणीव खोटी ठरत नाही, दोन्ही एकाच वेळी असू शकतात आणि दोन्हींकडे पाहावे लागते.

मदत कुठे संपते आणि भेदभाव कुठे सुरू होतो, हे मुलांना खरोखरच कळत नाही, आणि यासाठी मी त्यांना दोष देत नाही. दृष्टी अधू झालेल्या माणसाला रात्री गाडी चालवू न देणे हा भेदभाव नाही, कारण निर्णय दृष्टी पाहून घेतलेला आहे. ‘सत्तरी ओलांडली, आता गाडी नको’ हा मात्र भेदभाव आहे, कारण इथे कुणी दृष्टी तपासलीच नाही, जन्मतारीख पाहिली. तेव्हा निर्णय त्या माणसाची क्षमता पाहून झाला की वय पाहून, हे आधी विचारावे. त्याचबरोबर, निर्णय बरोबर असला तरी तो त्याला विचारून झाला का, हेही विचारावे. माझ्या पाहण्यातले बहुतेक दुखावलेपण या दुसऱ्या ठिकाणचे असते. खुर्ची हलवणे योग्य असेलही, पण ती हलवताना त्या गृहस्थांना कुणी ‘कुठे ठेवू’ असे विचारले नव्हते.

समाजाची नजर बदलते का, असेही मला विचारले जाते. वयभेद कमी करण्याच्या प्रयत्नांवरील ६३ अभ्यास एकत्र पाहणारे एक परीक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. वार्धक्याबद्दल नीट माहिती देणे आणि वेगवेगळ्या पिढ्यांना एकत्र कामाला लावणे, या दोन्ही गोष्टी साध्या आहेत आणि बरोबर केल्या तर उपयोगी पडतात, असे त्यात दिसले. नुसते व्याख्यान किंवा वर्षातून एकदा १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, होणारा सत्कार यांपेक्षा एखादे काम बरोबरीने करणे माझ्याही अनुभवात अधिक परिणामकारक ठरते. स्त्रियांच्या, बालकांच्या आणि अपंगांच्या हक्कांसाठी अनुक्रमे १९७९, १९८९ आणि २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाले. वयस्करांसाठी तसा जागतिक करार झालेला नव्हता, आणि त्याचा मसुदा तयार करण्यासाठी एक गट नेमण्याचा निर्णय संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने एप्रिल २०२५ मध्ये घेतला. त्याला वेळ लागेल. आपल्या वडिलांसाठी मात्र या आठवड्यातही काही करता येईल.

समवयस्कांचा सहवास तुटला असेल तर तो जोडून द्या. २००४ मधील एका अमेरिकी अभ्यासात, भेदभाव जाणवणाऱ्या वयस्करांचे मनःस्वास्थ्य घटते, पण आपल्या वयाच्या लोकांशी जवळीक वाटत असेल तर तो आघात काहीसा झेलला जातो, असे आढळले. तरुणांना तीच जाणीव फारशी बाधत नाही, कारण आपण या वयातून पुढे जाणार हे त्यांना ठाऊक असते. सत्तरीतल्या माणसाला तशी वाट नसते. त्याला ‘तुझ्याकडेही असंच होतं का’ असे विचारणारा एखादा बरोबरीचा माणूस लागतो, आणि ती जागा मुलगी किंवा समुपदेशक भरून काढू शकत नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर आपली खुर्ची वडिलांच्या किंचित मागे घ्या. डॉक्टर आपल्याकडे पाहून विचारतील, तेव्हा उत्तर न देता वडिलांकडे पाहा. ते थोडे थांबतील. ती शांतता भरून काढण्याची घाई करू नका. सर्वांत अवघड हेच आहे आणि मला ते जमायला काही वर्षे लागली.

आणि त्यांना ‘काय झालं’ असे विचारू नका. ‘गेल्या महिन्यात आम्ही तुम्हाला न विचारता काय काय ठरवलं’ असे विचारा. पहिल्यांदा ते ‘तसं काही नाही’ म्हणतील. दोन-चार दिवसांनी एखादी नेमकी गोष्ट काढून पुन्हा विचारा : फोन, बँक, औषधांची वेळ, प्रवास. ते सांगू लागले की आपल्या तोंडी लगेच ‘अहो बाबा, पण ते तुमच्यासाठीच’ हे वाक्य येईल. ते गिळा, आणि यादी संपेपर्यंत ऐका. मग त्यातली एक गोष्ट, जी परत त्यांच्या हाती देता येण्यासारखी असेल ती, त्याच दिवशी परत द्या. त्या फोरमन गृहस्थांच्या मुलाने खुर्ची निवडली नाही. त्याने बँकेत जाऊन नंबर बदलून घेतला. पुढच्या भेटीत ते आले तेव्हा त्यांनी खिशातून फोन काढून त्यावर आलेला ओटीपी मला दाखवला. त्याची मुदत केव्हाच संपलेली होती, पण त्यांनी तो संदेश पुसला नव्हता.